मोटरहोमने मोरेया: गाडी गावाखाली, माणसं गावात

मोरेया हे पूर्व स्पेनमधल्या कास्तेयो प्रांतातलं तटबंदीचं गाव. उंची समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. वर खडकाच्या सुळक्यावर किल्ला, त्याखाली एकाखाली एक उतरत गेलेल्या घरांच्या ओळी, आणि या सगळ्याला वेढून चौदाव्या शतकातला सुमारे दोन किलोमीटरचा तट. तटाला सहा वेशी आहेत. त्या वेशी बांधल्या तेव्हा खेचरं आणि बैलगाड्या ये-जा करत होत्या, तीन मीटर उंचीची आणि सात मीटर लांबीची गाडी नव्हे.

या प्रवासात जे बिघडतं त्यातलं बहुतेक याच एका गोष्टीमुळे बिघडतं. रायगडला जाताना आपण पाचाडला गाडी लावून गड चढतो, तसंच इथे करायचं. गाडी तटाच्या बाहेर, खाली लावायची आणि गाव पायी बघायचं. हे एकदा पक्कं केलं की मोरेया मोटरहोमसाठी, म्हणजे आतच राहता-झोपता येणाऱ्या गाडीसाठी, फार सोयीचं गाव आहे. गावाखाली नगरपालिकेचा मोटरहोम तळ आहे आणि रात्री उजळलेला किल्ला गाडीच्या खिडकीतून दिसतो. खालचे टप्पे मोरेयाचे असले तरी आल्बारासिन, आर्कोस दे ला फ्रोंतेरा, ओल्वेरा अशा स्पेनमधल्या इतर डोंगरी गावांनाही त्यातलं बरंच लागू पडतं.

१. गाडी निवडताना आधी माप बघा

भाड्याच्या गाड्या साधारण दोन प्रकारच्या असतात. पहिली व्हॅनमधून तयार केलेली कॅम्परव्हॅन: लांबी ६ मीटरच्या आत-बाहेर, रुंदी सव्वादोन मीटरच्याही आत, उंची पावणेतीन मीटरपर्यंत. दुसरी खरी मोटरहोम: लांबी ७ ते ७.४ मीटर, रुंदी २.३ मीटर (आरसे धरून पावणेतीनच्या पुढे), उंची २.९ ते ३.१ मीटर. दोघं किंवा तिघं असाल आणि डोंगरी गावं हाच बेत असेल, तर कॅम्परव्हॅनच घ्या. स्पेनमधली गाडी लावायची साधी जागा पाच मीटरच्या आत संपते. सहा मीटरची व्हॅन तिथे कशीबशी बसते, सात मीटरच्या गाडीची शेपटी रस्त्यात येते आणि त्याचा दंड होतो. आजी-आजोबा आणि मुलं सोबत असतील तर मोठी गाडी घ्यावीच लागेल. मग पाचवा टप्पा दोनदा वाचा.

गाडीची उंची, रुंदी आणि लांबी एका कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून स्टीअरिंगसमोर चिकटवा. समोर २.८ मीटरची पाटी दिसल्यावर कागद शोधायला वेळ नसतो.

वजनाची मर्यादा बहुतेक गाड्यांना ३,५०० किलो असते, कारण साध्या कार परवान्यावर तेवढीच चालवता येते. रिकामी गाडीच तीन हजारांच्या जवळ जाते. पाण्याची टाकी पूर्ण भरली की शंभर किलो वाढतात. चार माणसं, सायकली आणि पंधरा दिवसांचं वाणसामान भरलं की मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. घाट चढायच्या आधी टाकी अर्धीच ठेवा. पाणी वर मिळतं.

२. कागदपत्रं

भारतातून येणाऱ्यांनी ही फाइल तयार ठेवावी:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी फी ९० युरो.
- किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय खर्च भरून देणारा प्रवास विमा.
- भारतीय वाहन परवाना आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना. अर्ज परिवहन पोर्टलवर होतो, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. दोन्ही परवाने सोबत लागतात, एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला किंमत नाही.
- भाडेकरार, गाडीचं नोंदणीपत्र, तांत्रिक तपासणीचा कागद आणि विम्याचा कागद. हे गाडीतच असतात, पण ताबा घेताना एकेक हातात घेऊन बघा.
- मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात आणि डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही.

व्हिसाच्या अर्जात एक अडचण हमखास येते. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा मागतात आणि मोटरहोमवाल्यांकडे हॉटेलचं बुकिंग नसतं. भाडेकरार जोडा, दिवसवार मार्ग लिहा आणि जमेल तितक्या रात्रींसाठी कॅम्पसाइटचं बुकिंग आधीच करून त्याची पावती लावा. विनारोस, बेनिकार्लो, पेन्यीस्कोला या किनाऱ्यावरच्या गावांत कॅम्पसाइट भरपूर आहेत. खोटी हॉटेल बुकिंग जोडून नंतर रद्द करण्याचा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका. मोटरहोमचा करार आणि हॉटेलची पावती एकाच फाइलमध्ये असली की शंका येणारच.

ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींचा तिथला कार्डाच्या आकाराचा परवाना स्पेनमध्ये चालतो. आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही. ब्रिटनहून स्वतःची गाडी आणणार असाल तर हेडलाइटचा झोत डावीकडच्या वाहतुकीसाठी बसवलेला असतो. त्यावर स्टिकर लावून तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर घाटात समोरच्याचे डोळे दिपतात.

कॅम्पसाइटवर आणि भाड्याच्या कंपनीत प्रत्येक माणसाच्या पासपोर्टचा तपशील लिहून घेतात. स्पेनच्या कायद्याने ते त्यांना बंधनकारक आहे.

३. गाडी ताब्यात घेताना

समजावून सांगणारा माणूस वीस मिनिटांत सगळं उरकतो. त्याला थांबवा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. या गोष्टी तुमच्या हाताने करून बघा: गॅसची मुख्य कळ बंद-चालू करणं, शौचालयाची कॅसेट (मैला साठणारी, बाहेर काढता येणारी टाकी) काढून परत बसवणं, सांडपाण्याची झडप उघडणं, हीटर पेटवणं, फ्रीज गॅसवरून बॅटरीवर घेणं.

सामानात हे असायलाच हवं: २५ मीटरची विजेची केबल आणि निळा तीन पिनांचा प्लग, पाण्याची नळी आणि दोन-तीन मापांचे नळाचे जोड, चाकाखाली घालायचे उताराचे ठोकळे, कॅसेटचं रसायन, दरवाजाजवळ हाताला येतील अशी परावर्तक जाकिटं. स्पेनमध्ये नोंदलेल्या गाडीत १ जानेवारी २०२६ पासून रस्त्यावर ठेवायच्या धोक्याच्या त्रिकोणांच्या जागी व्ही-१६ हा लुकलुकणारा दिवा बंधनकारक झाला आहे. तो कुठे ठेवला आहे ते विचारा. गाडी बंद पडली तर आतूनच हात बाहेर काढून छपरावर ठेवायचा असतो. मोटरहोमचं छप्पर उंच आहे, हात पोचतो का ते तिथेच बघून घ्या.

विम्याच्या करारात छप्पर आणि गाडीचं पोट यांच्या नुकसानीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. अनेक करारांत हीच दोन ठिकाणं वगळलेली असतात आणि डोंगरी गावात नेमकी हीच खरवडतात. जादा पैसे भरून ती विम्यात घेता आली तर घ्या. छपराचे फोटो काढायला शिडी मागायला संकोच करू नका.

डिझेलच्या पंपावर 'गासोलेओ आ' लिहिलेलं असतं आणि चौकोनात बी-७ असं चिन्ह असतं. पेट्रोलचं चिन्ह गोलात असतं. युरिया (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणारा द्रव) भरायचं निळं झाकण वेगळं असतं. त्यात डिझेल गेलं किंवा डिझेलच्या टाकीत युरिया गेला तर गाडी सुरू करू नका, सरळ मदतीला फोन करा.

ज्यांनी आजवर फक्त भारतात गाडी चालवली आहे त्यांनी पहिला तास एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये घालवावा. डावीकडे स्टीअरिंग असलं की माणूस नकळत उजव्या कडेला सरकत जातो, आणि मोटरहोमचा उजवा आरसा सर्वांत आधी त्याचीच किंमत मोजतो. चौकातल्या वर्तुळात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि बाहेर पडायचं ते बाहेरच्या लेनमधूनच.

४. घाट: विनारोस ते मोरेया

किनाऱ्याने जाणारा एपी-७ हा महामार्ग या भागात २०२० पासून टोलमुक्त आहे. विनारोसला तो सोडून एन-२३२ धरायचा. तिथून मोरेया साधारण ६५ किलोमीटर. एवढ्या अंतरात समुद्रसपाटीवरून हजार मीटर चढायचं असतं. सुरुवातीला ऑलिव्हच्या बागांतून सरळ रस्ता आहे, मग दरी अरुंद होते आणि केरोलची खिंड लागते. दीड तास धरून चला. उत्तरेकडून, म्हणजे सारागोसा आणि अल्कान्यीसवरून, येत असाल तर तोर्रे मिरोची खिंड ओलांडावी लागते. ती साडेबाराशे मीटरच्या वर आहे आणि हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. डिसेंबर ते मार्च त्या बाजूने यायचं असेल तर चाकांच्या साखळ्या सोबत हव्यात.

३,५०० किलोपर्यंतच्या मोटरहोमला महामार्गावर १२०, साध्या दुपदरी रस्त्यावर ९० अशी वेगमर्यादा आहे. गावात एकेक लेन असलेल्या रस्त्यावर ३० आणि पदपथ-रस्ता एकाच पातळीवर असलेल्या गल्लीत २०. घाटात ९०च्या जवळही जायचं कारण नाही.

चढताना मागे गाड्यांची रांग लागली तर रुंद जागा बघून थांबा आणि त्यांना जाऊ द्या. सायकलस्वार या रस्त्यावर खूप असतात. त्यांना ओलांडताना बाजूने किमान दीड मीटर अंतर सोडणं कायद्याने सक्तीचं आहे. तेवढी जागा मिळेपर्यंत मागेच राहायचं. तीव्र चढाच्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर सर्वसाधारणपणे चढणाऱ्याचा हक्क पहिला.

उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये या आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर साडेतीन टनांची उष्णता पॅडमध्ये साठते, पेडल मऊ लागतं आणि जळका वास येतो. असा वास आला तर लगेच सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकू शकते.

वाटेत वायिवानाच्या माउलीचं, म्हणजे मेरीमातेचं, देऊळ लागतं, अगदी रस्त्याला लागून. पाय मोकळे करायला ही चांगली जागा. १६७२ मध्ये मोरेयात साथ आली तेव्हा याच देवीची मूर्ती गावात नेली होती आणि पुढे दर सहा वर्षांनी तिचा उत्सव करायचा नवस बोलला गेला. त्या उत्सवाला 'सेक्सेनी' म्हणतात. २०२४ मध्ये तो झाला, आता २०३० च्या ऑगस्टमध्ये. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्येही घोषणेचा मोठा सोहळा असतो. त्या दिवसांत मोटरहोम घेऊन जायचं असेल तर गाडीला जागा मिळणं हाच मोठा प्रश्न होईल.

५. शेवटचे तीन किलोमीटर

मोबाइलच्या नकाशात नुसतं 'मोरेया' टाकलंत तर तो तुम्हाला तटाच्या आत, गावाच्या मध्यावर नेतो. त्याला तुमच्या गाडीची उंची-रुंदी माहीत नसते. मोटरहोमच्या तळाचा ठिपका घरूनच निवडून ठेवा. पार्कफोरनाइट किंवा कॅम्परकॉन्टॅक्ट या ॲपमध्ये तो मिळतो आणि तिथे किती तास थांबता येतं, पाणी चालू आहे का, हेही ताजं कळतं. तळ एन-२३२च्या जवळ, गावाच्या खाली आहे. तिथून वेशीपर्यंत चढ धरून पायी अर्धा तास लागतो, मुलं असतील तर थोडा जास्त.

गावाजवळ आल्यावर या पाट्या ओळखता आल्या पाहिजेत. 'कास्को आंतिग्वो' म्हणजे जुनं गाव, तिकडे वळायचं नाही. 'एक्सेप्तो रेसिदेन्तेस' म्हणजे फक्त रहिवाशांना प्रवेश. 'काये सिन सालिदा' म्हणजे पुढे रस्ता बंद, आणि सात मीटरच्या गाडीला तिथून वळून येता येत नाही. 'आउतोकारावानास' या शब्दावर लाल वर्तुळ असेल तर मोटरहोमला बंदी. ॲपमध्ये काही लिहिलेलं असो, जागेवरची पाटीच खरी.

समजा चुकलात आणि गल्ली अरुंद होत चालली आहे. अशा वेळी पुढे जाऊन बघूया हा विचार सर्वांत महागात पडतो. थांबा, धोक्याचे दिवे लावा आणि एकाला खाली उतरवा. त्याने गाडीच्या मागे, पण चालकाला डाव्या आरशात कायम दिसेल अशा जागी उभं राहायचं. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम दोघांत आधीच ठरलेला असावा. आवाजाने सूचना देऊ नका, इंजिनाच्या घरघरीत 'थांब' आणि 'चल' दोन्ही सारखंच ऐकू येतं. तळहात दाखवला म्हणजे थांबा, एवढं पुरतं.

मागे येताना चालकाचं सगळं लक्ष खाली चाकांकडे असतं आणि धोका वर असतो. मोरेयातल्या जुन्या घरांना लाकडी सज्जे आहेत, छपराच्या वळचणी रस्त्यावर आलेल्या आहेत, भिंतींवर लोखंडी कंदील आहेत. त्यात गल्ल्या पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरत्या असतात. तीन मीटर उंचीची गाडी अवघी तीन अंश कलली तरी तिचा वरचा कोपरा पंधरा सेंटिमीटर भिंतीकडे सरकतो. खाली हातभर जागा दिसत असताना वर छप्पर घासतं ते याच कारणाने. उतरलेल्या माणसाने म्हणून वरच बघायचं, खालचं चालक आरशात बघतोच.

दुसरी गोष्ट शेपटीची. मोटरहोमच्या मागच्या चाकांच्या मागे दीड-दोन मीटर धड असतं. चाक उजवीकडे पूर्ण वळवलं की मागचा डावा कोपरा डावीकडे बाहेर फेकला जातो. भिंतीला चिकटून उभे असाल तर आधी दोन-तीन मीटर सरळ पुढे जा आणि मगच वळा. तीव्र चढावरून एकदम सपाटीवर येताना हीच शेपटी जमिनीला घासते आणि सांडपाण्याची झडप बऱ्याचदा तिथेच असते. अशा ठिकाणी तिरपं, एकेक चाक वर चढेल असं घ्या.

६. रात्रीचा मुक्काम: गाडी लावणं वेगळं, तंबू ठोकणं वेगळं

स्पेनमध्ये हा फरक नीट समजून घ्यायला हवा. देशाच्या वाहतूक विभागाच्या सूचनेनुसार मोटरहोम नियमाप्रमाणे लावलेली असेल तर आत माणसं झोपली आहेत की जागी आहेत याच्याशी पोलिसांना देणंघेणं नाही. पण गाडीच्या बाहेर काही येता कामा नये. छत्री-पडदा नाही, टेबल-खुर्च्या नाहीत, आधाराचे पाय खाली सोडायचे नाहीत, पाण्याचा थेंब रस्त्यावर पडू द्यायचा नाही, जनरेटरचा आवाज नाही. बाहेर उघडणाऱ्या खिडक्यासुद्धा रस्त्याच्या बाजूला बंद ठेवा. एक खुर्ची बाहेर काढली की ते 'कॅम्पिंग' ठरतं आणि रस्त्यावर कॅम्पिंगला दंड आहे.

तळावर थोडी मोकळीक असते, तरी दोन गाड्यांमधल्या जागेत संसार मांडू नका. उताराचे ठोकळे तिथे चालतात. फ्रीज गॅसवर नीट चालायला आणि आंघोळीचं पाणी वाहून जायला गाडी सपाट असावी लागते. फळीवर पेला ठेवून बघितलं तरी अंदाज येतो.

शनिवार-रविवारी, विशेषतः शरद ऋतूत आळंबी गोळा करायला लोक येतात तेव्हा, तळ संध्याकाळच्या आत भरतो. शुक्रवारी किंवा शनिवारी जाणार असाल तर दुपारी चारपर्यंत पोचा. मंगळवार ते गुरुवार सर्वांत निवांत. सोमवारी स्पेनमध्ये बरीच संग्रहालयं बंद असतात.

७. पाणी आणि शौचालय

तीन प्रकारचं पाणी आणि तीन वेगळ्या जागा. 'आग्वा पोताब्ले' हे पिण्याचं पाणी. 'आग्वास ग्रिसेस' म्हणजे भांडी-आंघोळीचं सांडपाणी, ते जमिनीतल्या जाळीवर गाडी उभी करून सोडायचं. 'आग्वास नेग्रास' म्हणजे शौचालयाची कॅसेट, ती वेगळ्या खड्ड्यात रिकामी करायची, जाळीवर कधीही नाही. खड्ड्याजवळ कॅसेट विसळायचा एक नळ असतो. त्याला पिण्याची नळी लावू नका. आधीच्या माणसाने त्याच नळाच्या तोंडात कॅसेट धरलेली असते.

अनेक ठिकाणी नळ दाबून धरायचा असतो आणि त्याला आटेच नसतात, त्यामुळे नळी बसत नाही. दहा लिटरची झारी किंवा कॅन सोबत असला की अडत नाही. शंभर लिटर पाणी दोघांना काटकसरीने तीन दिवस जातं, चौघांना दीड. कॅसेट सतरा-अठरा लिटरची असते आणि दोघांत दोन-तीन दिवसांत भरते. ती भरल्याचा लाल दिवा लागल्यावर 'अजून एकदा' म्हणू नका.

मोरेयाच्या तळावर घरच्यासारखी वीज मिळेल असं धरून चालू नका. कॅम्पसाइटवर मिळते तिथेही ती बहुधा ६ किंवा १० अँपिअरची असते. ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १,३८० वॉट. दोन हजार वॉटची विजेची किटली किंवा इंडक्शन लावला की फ्यूज उडतो आणि तो खांबावरच्या कुलूपबंद पेटीत असतो. चहा गॅसवरच करा. कुकर नेणार असाल तर छोटा, तीन लिटरचा न्या. फोडणी करताना छपरातली खिडकी उघडी हवीच, नुसत्या वासासाठी नव्हे. बंद गाडीत शेगडी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. शेगडीवर गाडी गरम करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नका.

८. थंडी आणि गॅस

खाली विनारोसला लोक समुद्रकिनाऱ्यावर टी-शर्टमध्ये बसलेले असतात आणि त्याच रात्री वर मोरेयात पारा शून्याखाली जाऊ शकतो. नोव्हेंबर ते मार्च हे गृहीत धरूनच निघा. ऑगस्टमध्येही रात्री पांघरूण लागतं.

स्पेनमध्ये सगळीकडे मिळणारी साडेबारा किलोची केशरी टाकी ब्युटेनची असते. ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणंच थांबतं. टाकी अर्धी भरलेली असते, पण हीटर विझतो आणि पहाटे तीनला सगळे कुडकुडत उठतात. हिवाळ्यात प्रोपेनची टाकी हवी, ती उणे चाळीसपर्यंत चालते. गाडी ताब्यात घेतानाच कोणता गॅस आहे ते विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. गाडीखालून पाणी वाहताना दिसतं आणि टाकी फुटली असं वाटतं. बऱ्याच गाड्यांत गीझरला गोठण्यापासून वाचवणारी झडप असते. आतलं तापमान ३ अंशांच्या खाली गेलं की ती आपोआप उघडते आणि गीझरचं पाणी बाहेर सोडून देते. पुन्हा बंद करायची तर तापमान साधारण ७ अंशांच्या वर यावं लागतं. म्हणून आधी हीटर लावा, गाडी गरम करा, मग झडपेचं बटण दाबा आणि शेवटी पाणी भरा. उलट क्रमाने केलंत तर भरलेलं पाणी पुन्हा वाहून जातं. संध्याकाळी थंडी पडायच्या आतच हीटर मंद आचेवर चालू ठेवला की ही वेळ येत नाही.

९. गाव बघताना

सकाळी लवकर वर जा. सांत मिकेलच्या वेशीने आत शिरा. दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज आहेत, गावाची ही सर्वांत देखणी बाजू. बाहेरच्या बाजूला सांता ल्यूसियाचा जुना जलसेतू दिसतो. आत ब्लास्को दे आलागोन हा कमानींच्या ओसरीचा मुख्य रस्ता त्यामानाने सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथेच रमावं. बाकीच्या गल्ल्या पायऱ्यांच्याच आहेत. दगड गुळगुळीत झालेले आहेत, पावसात चपला घसरतात, बूट घाला.

सांता मारिया देवळाला एकाच भिंतीत शेजारी शेजारी दोन दरवाजे आहेत, एक प्रेषितांचा आणि एक कुमारिकांचा. आत गायकांची जागा खांबांवर उचललेली आहे आणि तिथे जाणारा दगडी जिना एका खांबाभोवती गुंडाळत वर चढतो. जिन्याच्या कठड्यावर बायबलमधले प्रसंग कोरलेले आहेत. तिथे घाई करू नका, एकेक चेहरा बघण्यासारखा आहे. १४१४ मध्ये आरागोनचा राजा पहिला फेर्नांदो, पोपपदावर हक्क सांगणारा तेरावा बेनेडिक्ट आणि संत विन्सेंट फेरेर हे तिघं याच गावात भेटले होते. ख्रिस्ती धर्मपीठाची फूट मिटावी म्हणून चाललेला तो खटाटोप होता.

किल्ल्याची वाट सांत फ्रान्सेस्कच्या पडक्या मठातून जाते. तिकीट तिथेच काढायचं. वर सावली नाही आणि वारा जोराचा असतो. चढायला-उतरायला मिळून दीड तास ठेवा आणि शेवटचा प्रवेश किती वाजता ते तिकीटखिडकीवर विचारा. स्पेनच्या गादीवरून झालेल्या कार्लिस्ट युद्धात १८३८ मध्ये कार्लिस्ट सेनापती काब्रेराच्या सैन्याने हा किल्ला घेतला आणि १८४० मध्ये सरकारी सेनापती एस्पार्तेरोच्या तोफांनी तो परत घेतला. त्या माऱ्याच्या खुणा बघायच्या तर वरच्या तटावरून चक्कर मारा.

दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात. जेवण दीड ते साडेतीनमध्ये उरका, त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं ते रात्री साडेआठपर्यंत. शाकाहारी मंडळींनी 'सिन कार्ने' एवढंच म्हणून थांबू नये. त्यात हॅम आणि टूना येऊ शकतं. 'सिन हामोन, सिन आतुन' हेही सांगा. इथल्या क्रोकेता मांसाच्या असतात आणि सूपचं पाणी बहुधा हाडांचं असतं. गोड खायचं तर 'फ्लाओ' घ्या: ताज्या चीजचं आणि बदामाचं सारण भरलेली अर्धचंद्राकार करंजीच म्हणा. अंडं आणि बडीशेपेची दारू चालत नसेल तर आधी विचारा. जानेवारी ते मार्च काळ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या आळंबीचा, हंगाम असतो. घरी न्यायला रंगीत पट्ट्यांची लोकरी पांघरुणं इथली खास आहेत आणि गाडीत त्याच रात्री उपयोगी पडतात.

१०. तळ सोडताना

निघायच्या आधी दोघांनी मिळून गाडीभोवती एक फेरी मारा. एकाने आत बघायचं: छपराच्या खिडक्या बंद, कपाटांची कडी लागलेली, फ्रीजचा दरवाजा अडकवलेला, गॅसची मुख्य कळ बंद. दुसऱ्याने बाहेर: पायरी आत, केबल काढलेली, ठोकळे उचललेले, सांडपाण्याची झडप बंद, कॅसेटचं दार लावलेलं. उघड्या राहिलेल्या छपराच्या खिडकीला घाटातला वारा उखडून नेतो.

सांडपाणी आणि कॅसेट तळावरच रिकामी करा, पण रांग असेल तर जागा अडवून भांडी घासत बसू नका. हिवाळ्यात नळ गोठू नये म्हणून पाणी बंद ठेवलेलं असू शकतं, तेव्हा खाली किनाऱ्यावरच्या कॅम्पसाइटवर पैसे देऊन ही सोय मिळते. विनारोसच्या बाजूला उतरणार असाल तर डिझेल खालीच भरा. अल्कान्यीसकडे जाणार असाल तर मोरेयातच टाकी बघून घ्या, कारण तोर्रे मिरो ओलांडल्यावर बराच वेळ मोठं गाव लागत नाही.